शेवटच्या क्वार्टरमध्ये मुली कोसळतात

पत्र

नमस्कार मॅडम,

मी कोथरूडमधल्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. १७ वर्षांखालील मुलींचा बास्केटबॉल संघ माझ्याकडे आहे. यंदा जिल्हास्तरीय शालेय स्पर्धेत आम्ही उपांत्य फेरी गाठली. तीन क्वार्टर संपले तेव्हा ९ गुणांनी पुढे होतो. चौथ्यात समोरच्या संघाने फुल कोर्ट प्रेस लावला, म्हणजे पूर्ण कोर्टभर अंगावर येऊन अडवायला लागल्या, आणि आमच्या मुलींचे हातपायच गळाले. बॉल पुढे नेणारी आमची पॉइंट गार्ड दर वेळी उजव्या बाजूने जायची, अर्धी रेषा ओलांडली की दोघी तिला घेरायच्या आणि बॉल जायचा. रिंगजवळ खेळणारी, संघाचे निम्म्याहून जास्त गुण करणारी आमची सेंटर चार मिनिटं बाकी असताना पाचव्या फाऊलवर बाहेर गेली. मी इतकी ओरडले की दुसऱ्या दिवशी घशातून आवाज फुटेना. ३ गुणांनी हरलो. गेल्या वर्षीही थोड्याफार फरकाने हेच झालं.

पालक म्हणतात, मुली मनाने कच्च्या आहेत, एखादा मोटिव्हेशनल स्पीकर बोलवा. मुख्याध्यापिका म्हणतात, यांना जिंकायची भूकच नाही. आम्ही २-३ झोन खेळतो, म्हणजे दोघी पुढे, तिघी रिंगजवळ आणि प्रत्येकीने आपली जागा राखायची. त्याऐवजी मॅन-टू-मॅन, म्हणजे एकेकीने समोरच्या एकेकीला अडवायचं, असं खेळायला हवं होतं का? सेंटर कोणाला पास देत नाही, तिचं काय करू? आमचा सराव सकाळी सव्वासहा ते पावणेआठ असतो. वॉर्म-अप, लेअप, शूटिंग, मग आपापसात मॅच. शनिवारी टेकडीवर पळवते. याहून जास्त काय करायचं? की हा संघ दुसऱ्या कोणाकडे सोपवू?

– एक क्रीडाशिक्षिका, कोथरूड

उत्तर

नमस्कार,

तुमच्या मुली मनाने कच्च्या आहेत असं तुमच्या पत्रावरून तरी मला वाटत नाही. सरावात एक मोठी गोष्ट राहून गेली आहे, एवढं मात्र स्पष्ट दिसतं. ती भरून काढता येण्यासारखी आहे, म्हणून आधी तिच्याविषयी लिहिते. जिद्द आणि भूक यांच्याकडे मग येऊ.

तो चौथा क्वार्टर पुन्हा डोळ्यांसमोर आणा. तुमची गार्ड उजव्या हाताची, म्हणून उजवीकडून निघते. साइडलाइनला चिकटून पळत अर्धी रेषा ओलांडते. ओलांडली रे ओलांडली की समोरून एक आणि आतल्या बाजूने दुसरी, अशा दोघी अंगावर येतात. उजवीकडे साइडलाइन आहे, तिथे पाय पडला तर बॉल गेला. मागे अर्धी रेषा आहे, परत फिरली तर बॅककोर्ट, म्हणजे तरीही बॉल गेला. घेरणाऱ्या मुली दोनच, पण या दोन रेषाही त्यांच्याच बाजूने खेळत असतात. ती गडबडून ड्रिबल, म्हणजे बॉल आपटत नेणं, थांबवते आणि बॉल डोक्यावर धरते. आता पाच सेकंदांत तो सोडायला हवा. बाकीच्या चौघी कुठे होत्या हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण शालेय सामन्यांत अशा वेळी जे नेहमी दिसतं तेच झालं असणार: दोघी रिंगखाली पोचलेल्या, एक पलीकडच्या साइडला हात वर करून ‘दे, दे’ म्हणत उभी, एक जागच्या जागी बघत. सरळ पास एकीलाही जात नाही. मग ही उंच पास टाकते. असा पास हवेत इतका वेळ राहतो की समोरची मुलगी चालत येऊनही तो घेऊ शकते.

या जागी कुठलीही पंधरा वर्षांची मुलगी घाबरेल. बॉल कुठे द्यायचा हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून ती घाबरली. आपण बाहेरून बघतो तेव्हा भीती आधी दिसते आणि सगळं खापर मनावर फोडून मोकळे होतो.

आता तुमच्या सरावाच्या वेळापत्रकाकडे बघा. आपापसातल्या मॅचमध्ये दोन्ही बाजू झोन खेळत असतील, तर अर्धी रेषा ओलांडेपर्यंत बॉलवाल्या मुलीला कोणी हातही लावत नाही. म्हणजे जूनपासून रोज सकाळी उठून मैदानावर येणाऱ्या या मुलींनी यंदाचा पहिला खरा प्रेस पाहिला तो उपांत्य सामन्याच्या शेवटच्या दहा मिनिटांत, दमलेल्या पायांनी, गॅलरीत पालक ओरडत असताना. त्यांच्याकडून मी तरी यापेक्षा वेगळी अपेक्षा केली नसती.

प्रेस लावणाऱ्या कोचच्या मनात काय असतं हे कळलं की त्याची धास्ती बरीच कमी होते, म्हणून हे मुलींनाही सांगा. १९६४ साली अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाच्या संघाने सगळेच्या सगळे ३० सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. त्यांच्या पहिल्या पाचांत सहा फूट पाच इंचांपेक्षा उंच एकही खेळाडू नव्हता. त्या पातळीवर हा संघ बुटकाच म्हणायचा. कोच जॉन वुडन यांनी, सहायक कोच जेरी नॉर्मन यांच्या आग्रहावरून, २-२-१ असा, म्हणजे दोघे पुढे, दोघे मधे, एक मागे, झोन प्रेस लावला होता. बॉल हिसकावणं हा त्यातला मुख्य हेतू नव्हता. समोरच्या संघाला त्याच्या नेहमीच्या चालीपेक्षा भरभर खेळायला लावायचं, की पुढच्या चुका तोच करतो. तुमच्या गार्डने नेमकं हेच केलं. प्रेस दिसला की ती पळत सुटली.

तिला सांगा की बॉल अर्ध्या रेषेपलीकडे न्यायला ८ सेकंद असतात आणि दोन नीट पास दिले तर त्यातले निम्मेही लागत नाहीत. रेषेबाहेरून येणारा इनबाउंड पास घेतला की आधी वळून पुढे बघायचं, ड्रिबल नंतर. जिच्या हातात बॉल आहे तिच्याभोवती तीन जागा कायम भरलेल्या हव्यात: एक तिरकी मागे, परतीचा पास घ्यायला, एक मैदानाच्या मधोमध, एक त्याच बाजूला साइडलाइनवर पुढे. पाचवी मुलगी लांब रिंगकडे, म्हणजे समोरच्यांपैकी एकीला तरी तिच्यासाठी मागे राहावं लागतं. दोघी अंगावर आल्या याचा अर्थ आपल्यातली एक मोकळी आहे. ती बहुतेक वेळा मधोमध असते.

त्या मधल्या जागी तुमची सेंटर उभी करा. ती उंच आहे, पास तिच्या हातात पोचतो. तिथे बॉल घेऊन ती रिंगकडे वळली की समोर बचावाला दोघी आणि तिच्या दोन्ही बाजूंनी आपल्या दोघी पळत असतात, तिघींविरुद्ध दोघी. तिथे पास देणं हाच सगळ्यात सोपा रस्ता असतो, कोणाला सांगावं लागत नाही. ‘पास दे’ असं वर्षभर तिच्या कानीकपाळी ओरडण्यापेक्षा ती जिथे उभी आहे ती जागा बदलणं जास्त कामाचं.

आता सराव. पाच मुलींनी बॉल न्यायचा आणि सात मुलींनी अडवायचं. दोन जास्तीच्या आठवीतल्या घ्या, त्या आनंदाने येतील. पहिल्या आठवड्यात ड्रिबलला पूर्ण बंदी. बॉल ८ सेकंदांत पलीकडे गेला तर पाचजणींना एक गुण, हिसकावला तर सातजणींना एक. हा सराव साडेसात वाजता, सगळ्या दमलेल्या असताना घ्या. सुरुवातीला बॉल पलीकडे जाणारच नाही. मुली वैतागतील, एखादी रडेल, तुमची गार्ड ‘मॅडम, हे शक्यच नाही’ म्हणेल. दया येऊन सातच्या पाच करायचा मोह होईल, तो आवरा. काही दिवसांनी त्यांच्या लक्षात येतं की पास दिल्यावर उभं राहून चालत नाही, लगेच दुसऱ्या रिकाम्या जागी जावं लागतं. हे एकदा अंगवळणी पडलं की सामन्यात समोर पाचच मुली उभ्या आहेत याचंच त्यांना हायसं वाटतं.

टेकडीवर पळवण्याविषयी. वेताळ टेकडीची चढण छाती मजबूत करते, सुट्टीच्या महिन्यांत जरूर पळवा. पण बास्केटबॉलमध्ये सलग पळणं फारसं नसतंच. चार-पाच सेकंद जिवाच्या आकांताने धाव, मग गचकन थांबणं, वळणं, उडी, पुन्हा धाव, आणि त्या धापेतच निर्णय. टेकडीवर निर्णय घ्यावा लागत नाही. म्हणून स्पर्धा जवळ आली की दमवण्याचं काम कोर्टवरच करा, हातात बॉल देऊन.

फ्री थ्रोचंही तसंच. आपल्याकडे बहुतेक मैदानांवर मुली रांगेत उभ्या राहून एकामागून एक पंचवीस-तीस फ्री थ्रो मारतात, आणि हात बसल्यावर शेवटचे सगळे जातात. सामन्यात एका वेळी बहुतेकदा दोनच मिळतात, तेही धावून आल्यावर, धाप लागलेली असताना. तर दोन मारायचे, कोर्टच्या दोन फेऱ्या, पुन्हा दोन. एकच गोष्ट सलग घोकण्यापेक्षा निरनिराळ्या गोष्टी मिसळून केल्या, तर त्या वेळी चुका जास्त होतात पण शिकलेलं जास्त टिकतं, हे हालचाली शिकण्यावरच्या संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलं आहे. पालक कठड्यावर बसून बघत असतील तर त्यांना हा सराव विस्कळित वाटेल. वाटू द्या.

आठवड्यातून दोन दिवस शेवटची पंधरा मिनिटं नुसते प्रसंग खेळवा. फळ्यावर लिहा: ‘आपण ३ गुणांनी पुढे. १ मिनिट ४० सेकंद बाकी. आपले चार टीम फाऊल झालेत. बॉल त्यांचा.’ आणि शिट्टी. पुढच्या फाऊलला समोरच्यांना दोन फ्री थ्रो मिळणार, हे त्यांना माहीत आहे का ते लगेच कळतं. मग उलटा प्रसंग: आपण २ गुणांनी मागे, ४० सेकंद, बॉल आपला. स्पर्धेत शॉट क्लॉक, म्हणजे ठरलेल्या वेळात शॉट घेण्याचं बंधन, असेल तर २४ सेकंदांच्या हिशेबाने, नसेल तर तसं. खेळ संपला की त्यांना विचारा, काय करायला हवं होतं. उत्तर तुम्ही देऊ नका. असे प्रसंग सरावात भरपूर खेळलेल्या मुली सामन्यात शेवटच्या दोन मिनिटांत एकमेकींशी बोलू लागतात. लोक ज्याला थंड डोकं म्हणतात ते बव्हंशी असं येतं.

पावसाचं मात्र घोडं अडतं, हे मला माहीत आहे. शालेय स्पर्धा तोंडावर येतात तेव्हाच पुण्यात पाऊस असतो, आणि आपली निम्मी कोर्टं उघडी, सिमेंटची. मुली वायपरने पाणी ढकलतात, पोती टाकतात, तरी रिंगखालचा भाग निसरडाच राहतो. त्या कोर्टवर प्रेसचा सराव घेऊ नका, गुडघा जाईल. शाळेच्या हॉलमधली बाकं भिंतीला लावा आणि वर सांगितलेल्या तीन जागा चालत-चालत करून घ्या. ड्रिबल नाही, पळणं नाही, फक्त पास आणि जागा. माझ्या मते हे चालत केलेलं काम नंतर पळताना सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. आणि एक बघा: मुली ६ नंबरच्या बॉलने सराव करतात ना? अनेक शाळांत मुलांचे ७ नंबरचे बॉलच मुलींना दिले जातात आणि मग त्यांचे लांबचे पास का पोचत नाहीत याचं आश्चर्य वाटतं.

आता तुमच्या ओरडण्याकडे येते. यात दोष देत नाही. बाकावर बसून हे सहन करणं किती अवघड असतं ते मला ठाऊक आहे. पण त्या दहा मिनिटांत तुम्ही काय ओरडत होता ते आठवून बघा. ‘अगं बघ!’, ‘काय करतेस?’, ‘बॉल सांभाळ!’ यातून त्या मुलीला नवीन काय कळलं? बॉल सांभाळायचा आहे हे तिलाही कळत होतं.

वुडन यांचा उल्लेख वर आलाच आहे. १९७४-७५ च्या हंगामात दोन मानसशास्त्रज्ञ त्यांच्या सरावाला बसले आणि ते जे जे बोलत त्याची नोंद करत गेले. २,३२६ नोंदी झाल्या. त्यातल्या साधारण तीन-चतुर्थांश नोंदी निव्वळ माहिती होत्या: काय करायचं, कसं करायचं, केव्हा करायचं. कौतुक सात टक्क्यांहून कमी, नाराजीही तेवढीच. चूक झाली की ते आधी बरोबर करून दाखवत, मग खेळाडूने केलं तसं, मग पुन्हा बरोबर. काही सेकंदांत संपायचं आणि सराव पुढे सुरू. तोवर त्यांनी नऊ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली होती आणि त्याच हंगामाच्या शेवटी दहावं मिळवलं. एवढा मोठा माणूस सरावात भाषणं देत नव्हता, हे मला फार मोलाचं वाटतं.

तुम्ही एक करून बघा. दुखापत झालेली किंवा सर्दीने आलेली एखादी मुलगी रोज बाहेर बसलेली असतेच. तिला वही द्या. तीन रकाने: मॅडमनी काय करायचं ते सांगितलं, मॅडम नुसत्या ओरडल्या, मॅडमनी शाबासकी दिली. प्रत्येक वेळी एक रेघ. आठवडाभराने वही उघडा. मग दुसऱ्या रकान्यातली प्रत्येक हाक पहिल्या रकान्यात कशी आणता येईल ते बसून लिहा. ‘बॉल सांभाळ’ याऐवजी ‘मागे बघ, सुटका मागे आहे’. ‘डिफेन्स!’ याऐवजी ‘हात वर, पाय हलव’. शब्द आधीच ठरलेले आणि सरावात वापरलेले असले, की सामन्याच्या गोंगाटातही ते मुलीपर्यंत पोचतात.

टाइमआउटही असाच वाया जातो. पहिल्या हाफमध्ये दोन आणि दुसऱ्यात तीन मिळतात, एकेक मिनिटाचे. मुली येतात, आपण एका दमात सात सूचना देतो आणि परत जाताना एकही लक्षात राहत नाही. आधी त्यांना पाणी पिऊ द्या, श्वास बसू द्या. मग एकच गोष्ट सांगा आणि गार्डकडून वदवून घ्या. त्या उपांत्य सामन्यात दुसऱ्यांदा बॉल गेला तेव्हाच टाइमआउट घेऊन ‘सेंटर मधे उभी राहील, पहिला पास तिला’ एवढं सांगता आलं असतं. पण हे वाक्य कळायला आधी सराव हवा, हेही खरं.

सेंटरच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी, दोन्ही नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचे कोच डीन स्मिथ यांच्या. त्यांच्या संघात बास्केट करणाऱ्याने पास देणाऱ्याकडे बोट दाखवायचं असा दंडक होता. तुम्हीही लावा, सरावातही. सुरुवातीला मुली लाजतात. पण ज्या मुलीने पास दिला तिच्याकडे आख्खा संघ बघतो, आणि पास देण्यातही मान आहे हे तुमच्या सेंटरला कोणी न शिकवता कळतं. गॅलरीतल्या तिच्या वडिलांनाही.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. स्मिथ यांचा खेळाडू दमला की मूठ वर करायचा आणि कोच त्याला बाहेर घ्यायचे. पुन्हा खेळायला तयार झाला की तो स्वतःच सांगून आत जायचा. आपल्या मुली दमलेलं लपवतात, कारण एकदा बाहेर आलो की पुन्हा आत जायला मिळणार नाही अशी भीती असते. मग थकलेली मुलगी पायांनी करायचं काम हातांनी करते आणि फाऊल होतो. तुमच्या सेंटरचे शेवटचे दोन-तीन फाऊल कसे झाले ते आठवा. मला खात्री वाटते की उशिरा पोचून हात खाली मारल्याने झाले असतील. तिला शब्द द्या की मूठ वर केलीस तर तू सांगशील तेव्हा परत घेईन, आणि काहीही झालं तरी तो पाळा. सामना अटीतटीचा असतानाही पाळा. एकदा जरी मोडलात तर त्या वर्षी पुन्हा कोणी मूठ वर करणार नाही. रिंगखाली उभं राहून हात सरळ वर ठेवायचे, खाली आणायचे नाहीत, हा सराव तिला वेगळा द्या.

अर्थात यासाठी बाकावरच्या मुली तयार हव्यात. संघात बारा जणी असतात आणि तुम्ही बहुधा सहाच खेळवता. साखळीतल्या किंवा सोप्या सामन्यात दुसरा क्वार्टर सातवी, आठवी, नववी मुलगी खेळेल असं आधीच जाहीर करा. आघाडी थोडी घटेल. घटू द्या. बाद फेरीत हे करायला धैर्य लागतं, त्यामुळे आधी मित्रशाळांशी सराव सामने ठरवून तिथे करा.

झोन की मॅन-टू-मॅन, याचं माझं उत्तर मॅन-टू-मॅन. जिल्हा पातळीवर २-३ झोन जिंकून देतो हे मला मान्य आहे. या वयात लांबून शूट करणाऱ्या मुली थोड्या, त्यामुळे आत गर्दी केली की काम भागतं. पण झोनमध्ये लहान मुलगी जागा राखायला शिकते, समोरच्या मुलीला अडवायला शिकत नाही. युरोपातल्या काही देशांत लहान वयोगटांना झोन खेळायला मनाई आहे ती याच कारणाने. पुण्यातून शिरीन लिमये भारतीय संघापर्यंत गेल्या. तुमच्या आठवीतल्या एखाद्या मुलीलाही तिथवर जायचं असेल, तर राज्य निवड चाचणीत कोणी तिला झोनमध्ये लपू देणार नाही. जूनपासून मॅन-टू-मॅन शिकवा. झोन ऑगस्टमध्ये, सामन्यात गरज पडली तर हाताशी असावा इतपत. पहिल्या वर्षी काही सोपे गुण द्याल, त्याची तयारी ठेवा आणि मुख्याध्यापिकांना आत्ताच सांगून ठेवा.

त्यांनी काढलेल्या ‘भुके’विषयी. सकाळी सव्वासहाला कोर्टवर येऊन, तिथून वर्गात, तिथून दहावीच्या क्लासला जाणाऱ्या मुलीला भूक नाही असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्यांना जिंकायचं आहेच. फक्त आज सकाळी जिंकण्यासाठी काय करायचं, हे त्यांना मोजता येईल असं दिलेलं नाही. गुणफलक समोरच्या संघावरही अवलंबून असतो. मुलीच्या हातात असलेल्या गोष्टी मोजायला द्या: प्रत्येक शॉटनंतर रिबाउंडसाठी, म्हणजे रिंगवरून उडालेल्या बॉलसाठी, समोरच्या मुलीला अंगाने अडवलं का, बॉल गेल्यावर मागे पळाले का, पास दिल्यावर जागा बदलली का. प्रत्येक सामन्यानंतर या तीन आकड्यांचा कागद ड्रेसिंग रूममध्ये लावा, गुणफलकाच्या आधी. वुडन यशाची व्याख्या अशी करत की आपल्याला जितकं चांगलं होता येईल तितकं व्हायला आपण पूर्ण प्रयत्न केला, हे स्वतःला माहीत असण्यातलं समाधान. हे बोलायला सोपं वाटतं. पण ते १९४८ मध्ये यूसीएलएत आले आणि पहिलं राष्ट्रीय विजेतेपद १९६४ मध्ये मिळालं. मधल्या सगळ्या वर्षांत सराव आखताना त्यांना याच व्याख्येच्या आधाराने उभं राहावं लागलं. आणि हंगामाच्या पहिल्या दिवशी ते खेळाडूंना शिकवत ते मोजे नीट घालणं: घडी राहिली तर फोड येतो, फोड आला तर सराव बुडतो. तुमच्या मुलींच्या बुटांचे तळवेही पहिल्या दिवशी उलटून बघा. सिमेंटवर ते वर्षभरात गुळगुळीत होतात.

मोटिव्हेशनल स्पीकर नको. तो पैसा दोन चांगल्या बॉलना आणि कोर्टवर एका भिंतीच्या घड्याळाला लावा. मुलींना ऐकवायचंच असेल तर तुमच्याच शाळेतून खेळून गेलेल्या, आता फर्ग्युसन किंवा डेक्कनच्या कोर्टवर संध्याकाळी खेळणाऱ्या दोन-तीन ताईंना बोलवा आणि त्यांनाच सातजणींत घ्या. पालकांची सभा जूनमध्येच घ्या, स्पर्धेनंतर नको. क्रीडा सवलतीच्या गुणांचा विषय निघेल, काहींचं सगळं लक्ष तिथेच असतं. नियम काय आहेत ते स्पष्ट सांगा, पण ते गुण मिळवून देण्याचं वचन देऊ नका. गॅलरीतून सूचना ओरडायच्या नाहीत, एवढी एकच मागणी करा. ती मान्य झाली तरी मुलींचं निम्मं ओझं उतरेल.

संघ सोडू नका. उपांत्य फेरीपर्यंत मुलींना नेणाऱ्या, हरल्यावर त्यांना दोष न देता स्वतःकडे बघणाऱ्या शिक्षिका सहज मिळत नाहीत. कोच बदलला की नवा माणूस पहिलं वर्ष मुलींची नावं आणि सवयी ओळखण्यात घालवतो, आणि तुमच्या दहावीतल्या मुलींकडे तेवढं वर्ष नाही.

सुरुवात गार्डपासून करा. संघाला एकत्र बोलावण्याआधी तिला एकटीला भेटा. ते बॉल कोणाच्या हातून गेले हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि ती अजून तेच मनात घेऊन फिरत असेल. तिला सांगा की तुला प्रेस कसा फोडायचा हे आम्ही शिकवलं नव्हतं, यंदा शिकवणार आहोत, आणि डावा हात तयार करायला तू रोज दहा मिनिटं लवकर ये. पहिल्या महिन्याचं वेळापत्रक लिहून झालं की मला पाठवा. सातजणींच्या सरावात कुठे अडतंय तेही कळवा, मी उत्तर देईन.